वासू, पडद्यावरचीच राणी बरी

वासू, तुझ्या बाराव्याच्या पंगतीत मी शेवटी भांडलोच.

भांडणार नव्हतो. घरातून निघतानाच आमच्या हिनं दम दिला होता, "थंय तोंड फक्त खावक उघडा." मी तसंच करत होतो. वडे चांगले झाले होते. काळ्या वाटाण्याचं सांबारं जरा पातळ होतं, पण दुःखाचं घर म्हणून वाटीच्या तळाशी वाटाणे शोधत गप्प बसलो होतो. तेवढ्यात तुझी स्तुती सुरू झाली. एक म्हणाला, काय तो गळा. दुसरा म्हणाला, काय ती राणी, अशी राणी आता होणे नाही. तात्या गावकार तर म्हणाले, "सिनेमातल्या बायकांची वासूच्या पायाकडे बसूची लायकी नाय." कोण? तात्या! तू नदीकाठचं गाणं जरा लांबवलंस की पहिल्या रांगेत घोरायला लागायचे, तेच हे तात्या. मी हातातला वडा पानात ठेवला. मी म्हटलं, "तात्यानू, वासूची राणी बरी होती. पण पडद्यावरची जास्त बरी."

वाढणारा सांबाऱ्याचा डाव हातात धरून तसाच उभा राहिला.

"भिवा," तात्या म्हणाले, "मेलेल्या माणसाशी वाद घालू नये."

"माणूस मेलो, तात्यानू. वाद खंय मेलो? वादाचा बारावा घालूक अजून येळ आसा."

कोणी हसलं नाही. मी काही बोललो आणि कोणी हसलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. एरवी मी गंभीर बोलतो तेव्हासुद्धा लोक हसतात. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी नुसता मान वर करून माडाकडे बघितलं तरी मांडव हसला होता. हसायला तूच सुरुवात केली होतीस.

हे सगळं मी बोलतोय आणि आमची ही लिहून घेतेय. तालुक्याच्या साप्ताहिकवाल्यानं निरोप पाठवला, "तुमचे मित्र होते, चार शब्द द्या." मला चार शब्द काय, चारशे बोलता येतात, लिहिता एकही येत नाही. शाळेत मी एकदाच गेलो, तोही मास्तरांच्या परसातले नारळ पाडायला. माझा धंदाच तो, पाडेलीचा. माडावर चढायचं आणि वरून गावाची टिंगल करायची. हिला चौथीपर्यंत येतं. ती म्हणते, मालवणीत कोण छापतो, पुस्तकी हवं. म्हणून माझं बोलणं तिच्या हातून जातं ते आंघोळ करून, टोपी घालून जातं. तुला बरं वाटेल. तू रागावलास की असाच पुस्तकी बोलायला लागायचास, जसा काही मी मामलेदार कचेरीत तुझ्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभा आहे. "भिवा, तुझे म्हणणे मला मान्य नाही." तू 'मान्य नाही' म्हणालास की मी बाबलच्या हाटेलात आणखी एक चहा सांगायचो. मला कळायचं, आता वासूला बरोबर लागलंय.

तुला सांगायची गरज नाही, पण ही म्हणते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. म्हणून सांगतो. आपल्या गावात दर जत्रेला देवळासमोर संगीत नाटक होतं. नाटक एकच. राजा कपटी भावाचं ऐकतो आणि राणीला वनवासात धाडतो, राणी नदीकाठी बसून गाते, शेवटी राजाला पश्चात्ताप होतो आणि तोवर आपल्या सगळ्यांना चहाची तल्लफ येते. राणी तू. एरवी कचेरीत कारकून, पण जत्रेच्या आदल्या दिवशी मिशी काढायचास, जत्रेला वहिनीचा, म्हणजे तुझ्या बायकोचा, लग्नातला शालू नेसायचास, नथ घालायचास आणि पेटीवाल्याला 'काळी दोन' म्हणून सूर सांगायचास. राजा बाबल हाटेलवाला. आणि मी भालदार. पहिल्या प्रवेशात भाला घेऊन उभं राहायचं आणि महाराज आले की 'महाराजांचा विजय असो' म्हणायचं. माझं सगळ्या नाटकातलं वाक्य एवढंच, आणि तेही मी विसरलो. महाराज येऊन बसले तरी मी गप्प. तू विंगेतून नथ सावरत ओरडलास, "मेल्या, विजय!"

मी भाला आपटून गर्जना केली, "मेल्या, विजय!"

बाबल इतका हसला की त्याची दाढी सुटून मांडीवर पडली. मग राजाला पश्चात्ताप होईपर्यंत तो एका हातानं दाढी धरून बसला होता.

तरी पुढल्या वर्षी भालदार मीच. त्याच्या पुढल्या वर्षीही मीच. लोक तुला विचारायचे, "वर्सभर तुज्या नाटकाक नावां ठेवता तो, तेकाच कित्याक घेतंस?" तू म्हणायचास, "स्टेजवर उभो रवलो की तितको येळ तरी तेचा तोंड बंद रवता."

आपला वाद सुरू झाला तो तंबूतल्या सिनेमानं. तंबू जत्रा-बाजारांच्या मागे मागे फिरायचा. कुडाळच्या बाजाराजवळ, मग मसुऱ्याकडे जत्रेत, मग आपल्या गावाबाहेरच्या मळ्यात. एका वर्षी त्या तंबूत आपल्याच नाटकाच्या गोष्टीचा सिनेमा आला. मराठी, काळा-पांढरा. तोच राजा, तीच राणी, फक्त राणीचं काम बाईनं केलेलं. दुसऱ्या दिवशी बाबलच्या हाटेलात मी म्हटलं, "वासू, राग मानू नको, पण राणी बाईच बरी."

तू कप बशीत ठेवलास. "बाईन बाईचा काम केल्यान, हेच्यात काय मोठा? म्हशीन दूध दिल्यान म्हणान कोण नारळ फोडता? रेड्यान दिल्यान तर माका सांग."

"रेड्याचा दूध कोणी पिवन बघितलां हा?"

"तूच पितंस दर जत्रेक," तू म्हणालास. "आणि वर वन्समोर देतंस."

हे खरं होतं. भालदार असून मी विंगेतून वन्समोर द्यायचो. पण वन्समोर देणं वेगळं आणि पटणं वेगळं. मी फोडणीच्या वासाला पण वन्समोर देतो.

मग काही वर्षांनी तीच गोष्ट त्यांनी हिंदीत परत काढली, रंगीत. तिथे तर मी गारच पडलो. काय तो महाल, काय ते हत्ती, काय ते डोंगरावरचं बर्फ! राणी वनवासात गाते तेव्हा प्रत्येक कडव्याला तिच्या अंगावर नवीन साडी. तू तंबूतून बाहेर पडलास तो धुमसतच. "राणी वनवासाक गेली की कापडाच्या दुकानाक? इतकी लुगडी तिणां खंयसून आणल्यान?"

"राणीच ती. पेटी घेवन गेली असतली."

"पेटी कोणी उचलल्यान?"

"तेच्यासाठी हत्ती."

"आणि आमचो वनवास काय वायट हा?" तू विचारलंस. आपला वनवास म्हणजे स्टेजवर खोचलेले केळीचे चार खांब. त्यांची राखण माझ्याकडे होती. पहिला प्रवेश झाला की भालदाराला दुसरं काम काय? पण मी भाल्याला टेकून झोपलो आणि कोणाची तरी बकरी येऊन अख्खा वनवास खाऊन गेली. तू गात स्टेजवर आलास, 'या घोर अरण्यी' म्हणून हात केलास, आणि हाताच्या दिशेला नुसती एक बकरी रवंथ करत उभी होती. त्या दिवसापासून मी तुला सांगत आलो, वासू, पडद्यावरचा वनवास बकरी खाऊ शकत नाही. याचं उत्तर तू कधीही दिलेलं नाहीस.

पण तुझ्याकडे त्याहून मोठं हत्यार होतं, ते मीच तुझ्या हातात दिलेलं. तंबूत पडद्याच्या मागेही बसायला देत. तिथलं तिकीट कमी आणि पाय पसरायला जागा. मी कायम मागे. मागून सगळं उलटं दिसतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर अक्षरं येतात ती उलटी दिसतात म्हणे. पण माझ्या बापजन्मात सुलटी अक्षरं तरी कुठे सुलटी होती? म्हणून मी हाटेलात छाती पुढे काढून सांगत सुटलो की हिंदीतला राजा डावखुरा आहे. डाव्या हातानं तलवार चालवणं खेळ नव्हे, आणि आमचा बाबल उजव्या हातानं म्यानातून काढतो तरी धोतर फाडून घेतो.

"उजव्या हातानं चालवतो तो," तू म्हणालास.

"डाव्या."

"भिवा, मी समोर बसून पाहिले आहे. उजव्या." तू पुस्तकी झालास म्हणजे प्रकरण चढलं होतं.

शेवटी तू माझं मनगट धरून मला तंबूत नेलंस आणि चक्क पुढच्या बाकावर बसवलंस. राजा आला. तलवार काढली. उजव्या हातानं. तू पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होतास. आजूबाजूच्या लोकांना सिनेमा दिसत होता, तुला मी दिसत होतो.

मी म्हटलं, "ही सिनेमाची दुसरी कापी आसा."

तू कपाळावर हात मारलास. मग म्हणालास, "देवान तुजी मात्र एकच काढल्यान. दुसरी काढूचो धीर तेका झालो नाय."

मी अजूनही म्हणतो, दुसरी कापी होती. ही मान हलवतेय, पण लिहितेय.

पावसाळा सरता सरता तू अंथरुणाला लागलास. मी रोज शहाळं घेऊन यायचो. गावातली माणसं यायची, तुझ्या पायाशी बसायची आणि सगळी एकच बोलायची. वासू, तुझ्यासारखी राणी नाही. वासू, सिनेमाबिनेमा सगळं झूठ, खरी राणी तुझीच. ज्यानं जन्मात कधी नाटक शेवटपर्यंत बघितलं नाही तोही हेच. तू ऐकायचास आणि हळूहळू तोंड भिंतीकडे करायचास. पेज तशीच राहायची.

एका सकाळी आपण दोघंच होतो. वहिनी दारात, हातात पेजेची वाटी. तू म्हणालास, "भिवा, एकदाच खरां सांग. ती बरी, की मी?"

वहिनीनं मला डोळ्यांनी खूण केली. काय म्हणायचं ते मला कळलं. शाळा नसली तरी एवढं कळतं.

मी म्हटलं, "ती."

वहिनीनं वाटी दारातच खाली ठेवली. आणि तू? तू म्हणालास, "उशी दी." मी उशी दिली. "आणि एक दी." दोन उशांवर टेकून उठून बसलास. "तिचो गळो तरी तिचो आसा काय? गाणारी येगळी, तोंड हलवणारी येगळी! मी एकटो गातंय, एकटो रडतंय, आणि शालू पायात अडाकलो तर पडतंयय एकटोच! तिका कोण तरी परत उभी करून परत चित्र काढता. माका परत कोण काढता?" श्वास पुरत नव्हता, पण बोट माझ्या नाकासमोर नाचत होतं. मी म्हटलं, पडल्यावर परत काढता येतं हाच तर सिनेमाचा फायदा. तू म्हणालास, "तुझे म्हणणे मला..." आणि खोकला आला. खोकला थांबवून वाक्य पुरं केलंस. मग वाटी मागितलीस. सगळी पेज प्यायलास, वर लोणच्याची फोड चोखलीस, आणि फोड तोंडात असतानाच मला गाढव म्हणालास.

जाताना वहिनी कुंपणाच्या बेड्यापर्यंत आली. मला वाटलं, आता माझी खैर नाही. ती म्हणाली, "भावोजीनू, उद्या पण येवा."

मी आलो. रोज आलो. रोज 'ती' म्हटलं.

तू गेल्यावर हे गावभर झालं. लोक म्हणाले, कसला मित्र, मरणाऱ्याला 'तू बरा' एवढं म्हणायला काय गेलं असतं? ऐका तर. माझं काही गेलं नसतं. पण मी 'तू' म्हटलं असतं ना वासू, तर तुला कळलं असतं की तू मरतोयस. सगळं गाव तुला 'तू' म्हणत होतं, म्हणून तर तू भिंतीकडे बघत होतास. एका तरी माणसानं तुला जिवंत माणसासारखं धरायला हवं होतं. म्हणून मी शब्द मागे घेणार नाही. त्या साप्ताहिकात छापून आला तरी नाही.

एक गोष्ट मात्र तुला कधी बोललो नाही. राणी पडद्यावरची बरी, ते राहू दे तसंच. पण पडद्यावरच्या राणीसाठी मी कधी अर्ध्या माडावरून खाली उतरलो नाही. तुझ्या तालमीची पेटी वाजली की उतरायचो. मालक खालून ओरडायचे, "अरे, नारळाच्यो दोन पेंडी रवल्यो!" मी म्हणायचो, पिकले नाहीत. एवढंच. यापुढे बोललो तर हिच्या हातून शाई सांडेल.

आता मुद्द्याचं. बाराव्यानंतर जत्रेची बैठक देवळात बसली. तात्यांनी सांगितलं की तंबूवाला यंदा फुकट खेळ दाखवायला तयार आहे, तोच हिंदी, रंगीत. तेव्हा नाटक बंद करूया. "वासू नाय, मगे राणी कोण करतलो? आणि एकदा सिनेमो इलो की दर वर्सा सिनेमोच बरो. काय रे भिवा? इतकी वर्सां तूच सांगत इलंस."

सगळी माझ्याकडे वळली. वासू, मी जिंकलो होतो. हत्तीसकट, बर्फासकट जिंकलो होतो. तुझं नाटक आता फक्त बकरीनं खायचं बाकी होतं. असं जिंकणं वैऱ्यालाही नको. तुझ्यावर नेम धरून मारलेले माझे सगळे दगड तात्यांनी वेचून ठेवले होते आणि आता ते एक भिंत बांधत होते.

मी म्हटलं, "सिनेमो बरो म्हटलंय. नाटक नको असां खंय म्हटलंय? मासो बरो लागता म्हणान भात कोण टाकता?"

"भात शिजवतलो कोण पण? राणी कोण?"

"मी."

तेव्हा मात्र सगळे हसले. बाबल राजा खांबाला धरून हसला. मीही हसलो. माझे पाय बघितलेस ना तू? माडावरच्या खाचांनी ते मगरीच्या पाठीसारखे झालेत. त्यात पैंजण!

तात्या उठले. "ठरलां मगे, सिनेमो. गाऱ्हाणां घालतंय."

आपल्याकडे काही ठरलं की देवासमोर गाऱ्हाणं घालतात. मानकरी हात जोडून मोठ्यानं देवाला सांगतो, आणि त्यानं श्वास सोडला की सगळा गाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा'. तिथे बोललेलं मागे घेता येत नाही. तात्या उभे राहिले, मागे आम्ही सगळे.

"बा देवा म्हाराजा, ह्यो गाव आज तुज्या पायाकडे जमलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर वर्सापरमाणे जत्रा सुखान पार पडांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर असात ती दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

आणि तात्यांना ढास लागली. त्यांचा दमा तुला माहीत आहे, एकदा सुरू झाला की कमरेत वाकवतो. गाव हात जोडून, डोळे मिटून, पुढच्या वाक्याची वाट बघत उभा. आपल्या गावाचं तुला ठाऊक आहे वासू. गाऱ्हाण्यातले शब्द कोणी ऐकत नाही, चाल ऐकतात. चाल खाली उतरली की तोंडातून आपोआप निघतं. मी तात्यांच्या पाठीमागेच होतो. गळा नाही मला, पण नक्कल येते. तात्यांच्याच चालीत सुरू केलं.

"आणि बा देवा म्हाराजा, वासूचा नाटक ह्या वर्सा होवंदे, आणि दर वर्सा होवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"भिवा पाडेली राणी करतलो! तेका गळो नाय, रूप नाय, अक्कल नाय!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात आलं.

"तरी सगळ्या गावान शेवटपर्यंत बसान बघूचा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तात्यांनी पयल्या रांगेत न घोरता जागा रवूचा!"

"व्हय म्हा..." इथे काही जणांचे डोळे उघडले. पण अर्ध्या गावाचं म्हणून झालं होतं. गुरवानंही सवयीनं घंटा मारली.

तात्या सरळ झाले, डोळ्यांत खोकल्याचं पाणी. "भिवा, ह्यां गाऱ्हाणां न्हय. ह्यां खरां धरूचा नाय."

"तसां देवाक सांगा," मी म्हटलं. "मी काय, अडाणी माणूस."

तात्यांनी देवाकडे बघितलं. गुरवाकडे बघितलं. गावाकडे बघितलं. आता उलटं सांगायचं तर गावानं काय म्हणायचं? 'नाय म्हाराजा' असं म्हणायची पद्धतच नाही. पूर्वजांनी तशी सोयच ठेवलेली नाही. शेवटी बाबल हळूच म्हणाला, "तात्यानू, माजी दाढी अजून आसा." तात्या चपला शोधायला बाहेर गेले.

उद्या जत्रा आहे. तंबू मळ्यात लागलाय. लागू दे. आधी नाटक, मग ज्याला हवं त्यानं जावं. मीही जाणार आहे, राणीच्या वेशात, पुढच्या बाकावर.

काल शालू मागायला तुझ्या घरी गेलो. हीही सोबत होती. पडवीत बसलो आणि आधी पाणी मागून प्यायलो. मी म्हटलं, "वयनी, तुमका नको असात तर लुगडां नेसान करीन." वहिनी आत गेली, शालू आणून माझ्या मांडीवर ठेवला. "पेटयेत ठेवन कोणाक दाखवू? पण आधी गावन दाखवा."

मी नदीकाठचं गाणं म्हटलं. समोरच्या माडावरचे कावळे उठले. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "दुसऱ्या ओळीक मधीच श्वास घेव नको. ते घेय नसत." आणि तिनं ती ओळ म्हणून दाखवली. हलक्या आवाजात, पण बरोबर. इतकी वर्षं चुलीपाशी बसून तिनं तुझी तालीम ऐकली होती.

आमची ही डोळे पुसत म्हणाली, "वासूभावोजींसारखी राणी नाय गो."

वहिनी म्हणाली, "तुमी दोघे पुरुष इतकी वर्सां भांडलात. माका कोणी इचारलास?"

मी म्हटलं, "तुमका काय इचारूचा? तुमी घरच्यो."

"मी तिनय बघितलंय. नाटक, मराठी आणि हिंदी." तिनं आमच्या हिच्याकडे बोट केलं. "हिच्यावांगडा. बायकांच्या बाजूक बसान. आमका दोघींकय मराठीच बरो."

मी हिच्याकडे बघितलं. ही पडवीची कौलं मोजत होती. आत्ताही खाली मान घालून लिहितेय.

"काळो-पांढरो? तेच्यात काय आसा?" मी विचारलं.

"तेच्यातली राणी गाणां अर्ध्यार सोडता आणि नुसती पाण्याकडे बघत बसता," वहिनी म्हणाली. "घोवान घरातसून भायर काढल्यार बाई गाणी म्हणत बसात? तुमच्या दोघांच्यो राण्यो नुसत्यो गातत. एक लुगडी बदलून, एक शालू सावरून."

मला राग आला, वासू. डोकंच फिरलं. मी मांडीवरच्या शालूसकट उभा राहिलो. "वयनी, नाटकातली राणी काय घोवासाठी गायत नाय! समोर बसलेल्या गावासाठी गाता ती! तिका ठावक आसा, घोव काय आयकूचो नाय. निदान गाव तरी आयकात! पाण्याकडे बघत बसली तर गावाक काय कळतला?"

हिनं कौलं मोजायची थांबवली. ही म्हणाली, "ह्यां तर वासूभावोजी बोलले."

वहिनी मात्र रडली नाही. तिनं पदर खोचला. "माका पटूक नाय," ती म्हणाली. "जत्रा झाल्यार येवा. च्याय ठेवतंय, मगे बोलूया."

तेव्हा वासू, आता गावात बाजू अशा लागल्यात. त्या दोघी मराठीच्या. आणि मी, माझ्या मर्जीविरुद्ध, नाटकाच्या. तिथे वर फुशारकी मारू नकोस. तू नाहीस म्हणून कोणीतरी तिथे उभं राहायला हवं, एवढंच. उद्या मी वाईट गाणार, शालू पायात अडकणार, तात्या पहिल्या रांगेत घोरणार, आणि तरी नाटक होणार. पण हत्ती, बर्फ आणि दर कडव्याला नवीन साडी, त्या बाजूला आता आख्ख्या गावात एक माणूस उरलेला नाही. इतकी वर्षं सांभाळलेली माझी जागा रिकामी पडलीय.

ती तू घे. पडद्यावरचीच राणी बरी, असं एकदा तोंडानं म्हण. मी तुला हरवून दाखवतो.